रानरेड्यावर झोपलेला मिहाम्बो

मिहाम्बो मेला की त्याच्या खड्ड्यात आधी मी उतरणार आणि उताणी पडणार. हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे, त्याच्या बायकोदेखत. ती म्हणाली, "पड बाई, पण आधी चहा पिऊन जा."

आमच्यात हे चालतं. मी झारामो, समुद्राकाठची. तो न्यामवेझी, इथला, उगाला नदीकाठचा. आमच्या दोन जमातींत उतानी आहे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं सोयरपण. त्यांचे पणजे व्यापाऱ्यांची ओझी वाहायचे म्हणून मी त्याला हमाल म्हणते, तो मला खोबरेखाऊ म्हणतो आणि दोघंही एकाच ताटात मक्याच्या पिठाची उगाली खातो. उतानीतला माणूस मयताच्या खड्ड्यात आडवा पडून सगळ्यांना अडवू शकतो. त्याने मागितलेलं कबूल होईपर्यंत तो उठत नाही, आणि पडलेल्याला हात धरून कोणी उठवत नाही. उठवला तर उठवणाऱ्याच्या घराण्याचं हसं होतं, आणि हसणारे आम्हीच असतो.

तर हा मिहाम्बो. बांबूसारखा उंच, डावा कान फाटलेला. कान बिबट्याने फाडला असं तो शिकारीच्या तळावर येणाऱ्या पाहुण्यांना सांगायचा. गावाला ठाऊक आहे की तो लहानपणी आंब्यावरून पडला होता. तळावर त्याचं काम पुढे चालायचं: बंदूकवाला पाहुणा मागे, हा पुढे, जमिनीकडे बघत. काम चांगलं करायचा, पण पोळ्याची वाट दाखवणारं मधाचं पाखरू ओरडलं की याचे पाय आपोआप तिकडे वळायचे. एकदा एका पाहुण्याला कुडू हरणाच्या मागावर म्हणून नेलं आणि थेट पोळ्याखाली उभं केलं. पाहुणा सुजला. मिहाम्बो म्हणाला, कुडूलाच मध खायचा होता, त्याला मी काय करू.

त्याची फजिती सांगायला मला जन्म पुरणार नाही. पण आज सांगायची आहे ती वेगळीच गोष्ट, आणि ती सांगताना मलाही थोडं सरळ बसावं लागतं.

आमच्या रानात आम्ही ससा धरला तरी तुरुंग. परदेशी पाहुण्याने रानरेडा मारला तर त्याचा फोटो. डोकं-शिंगं पाहुण्याची, कातडं पाहुण्याचं, आणि मांस गावाचं. हे आमच्या सासऱ्यांच्या काळापासून. त्या मांसाला आम्ही वाटा म्हणतो. भावाभावांत असतो तसा.

मग तळावर लेमा आला. किलीमांजारोकडचा, इस्त्रीच्या कपड्यांतला, रानातसुद्धा बूट पुसणारा. तळाचा मुख्य तो आणि शिकारीला पाहुण्यांना नेणाराही तोच. पहिल्याच गावसभेत त्याने गोड आवाजात सांगितलं की तळ चालवणारी कंपनी गावाला मांसाची भेट देते. भेट! आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, माझ्या मेलीच्या लक्षातच आलं नाही. मिहाम्बोने फक्त नाक खाजवलं. पुढे भेट आखडली. आधी मांडीचे फरे येईनासे झाले, मग नुसती आतडी येऊ लागली, मग तीही बंद. मांस वाळवून शहराकडे जायला लागलं. बायका विचारायला गेल्या तर लेमा म्हणाला, भेट ही देणाऱ्याच्या मर्जीची असते, आयांनो.

त्या हंगामात स्पेनचा एक जाडजूड पाहुणा आला होता. त्याने रानरेडा पाडला, भला मोठा, शिंगांचा कमान-दरवाजा झालेला. पुढचं मला नवऱ्याने सांगितलं. माझा पाझी तळाची गाडी चालवतो. तो खोटं बोलत नाही. तेवढी त्याला कल्पनाशक्ती नाही.

पाहुणा घाम पुसून, टोपी नीट करून रेड्याच्या मागे बसायला निघाला. उन्हं उतरत होती. लेमाने कॅमेरा काढला. आणि मिहाम्बो शांतपणे गेला, रेड्याच्या पोटावर चढला आणि उताणा पडला. हात छातीवर, डोळे मिटलेले.

लेमाला वाटलं उन्हाने घेरी आली. पाहुण्याला वाटलं काही धार्मिक आहे, त्याने टोपी काढून हातात घेतली आणि मान खाली घातली. पाझीला मात्र कळलं.

"उचल त्याला," लेमा पाझीला म्हणाला.

"नाही उचलता येणार, साहेब. हा न्यामवेझी, मी झारामो. माझ्यासमोर पडलाय."

"अरे, रेड्यावर पडलाय!"

"मयत ते मयत," पाझी म्हणाला. "रेड्याचे नातेवाईक आले नाहीत, म्हणून मलाच विचारावं लागतं." आणि तो रेड्याजवळ उकिडवा बसला. "बोल हमाला, काय पाहिजे?"

मिहाम्बोने डोळे न उघडता सांगितलं, की मांस गावाला जायचं, सगळं.

लेमाने आकाशाकडे बघितलं. उजेड तांबूस होत चालला होता, पाहुणा फोटोसाठी समुद्र ओलांडून आलेला. लेमा हसला, मोठ्या मनाचा झाला. म्हणाला, एवढंच ना, दिलं, आजचा अख्खा रेडा कंपनीकडून गावाला भेट.

मिहाम्बो हलला नाही.

"दिलं म्हणतोय ना! ऊठ आता."

"भेट नको," मिहाम्बो म्हणाला. "वाटा म्हण."

"शब्दाने काय फरक पडतो, बाबा?"

"काही पडत नसेल तर म्हणून टाक."

पाझी सांगतो, लेमाने मिहाम्बोला नोकरीची धमकी दिली. तळावरच्या दुसऱ्या लोकांना हुकूम दिला, तर ते सगळे एकाएकी बुटांच्या नाड्या बांधायला लागले. दोघांनी तर चपला घातल्या होत्या. शेवटी सूर्य झाडांना टेकला, पाहुण्याने मान वर करून काहीतरी काळजीने विचारलं, आणि लेमा दातओठ खात म्हणाला, "वाटा. गावाचा वाटा. झालं?"

"ऐकलंस का रे, खोबरेखाऊ?" मिहाम्बोने विचारलं.

"ऐकलं," पाझी म्हणाला.

तेव्हा कुठे आमचा महापुरुष उठला. शर्टाच्या पाठीला रक्त, केसांत गोचिड्या. फोटो निघाला. मांस गावात आलं आणि त्यांच्या आणि आमच्या, दोन्ही आळ्यांच्या चुली पेटल्या. मी त्याला म्हटलं, "झोपायचं काम मिळालं म्हणून निभावलंस." तो म्हणाला, "तुझा नवरा शेजारी बसला होता, झोप कसली लागते, तोंडाला त्याच्या कांद्याचा वास."

सकाळी लेमाने त्याला बोलावून सांगितलं, की नोकरी हवी असेल तर शुक्रवारच्या सभेत उभा राहा आणि सांग: ते मांस कंपनीची भेट होती, मी चुकलो. नाहीतर घरी बस.

गावात दोन तट पडले. निम्मे म्हणाले, बोलून टाक, तोंडाला काय लागतंय. मीही त्यातलीच. त्याच्या घरी मुलगी बाळंतपणाला आलेली, आणि या वयात त्याला दुसरं काम कोण देणार? मी त्याला म्हटलं, एक शब्द गिळ. तो म्हणाला, "आज मी गिळला तर उद्या गावाच्या घशाखाली काही उतरणार नाही." मी त्याला आडमुठा हमाल म्हटलं आणि घरी आले. ते मला अजून खुपतं.

शुक्रवारी आंब्याखाली सगळं गाव जमलं. लेमा खुर्चीवर. मिहाम्बो तळाचं हिरवं जाकीट घालून आला, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. लोक समजले, नमला.

तो म्हणाला, "लेमाभाऊंनी मला एक शब्द बोलायला सांगितलाय. मी म्हातारा, विसरायला होतं. पण त्यांनी स्वतः रानात तो शब्द उच्चारला, माझा उतानीचा सोयरा साक्षीला होता. झारामो खोटं बोलतात हे खरं, पण या पाझीला तेवढी अक्कल नाही. पाझी, कोणता शब्द रे?"

माझा नवरा, जो घरात मीठ मागायलाही घाबरतो, तो उभा राहिला. त्याचीही नोकरी त्याच खुर्चीवर बसलेली. "वाटा," तो म्हणाला.

मागून कोणा बाईने तोच शब्द म्हटला. मग दुसरीने. मग कोणी कोणाचं ऐकेना. गावप्रमुखाने लेमाकडे वळून विचारलं, की साहेब, हे तुम्ही म्हणालात का? लेमाने रुमालाने बूट पुसले. मग म्हणाला, म्हणालो. गावप्रमुख म्हणाला, मग विषय संपला, पुढे विहिरीचं बोलू.

मिहाम्बोने जाकीट काढलं, लेमाच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवलं आणि उघड्या अंगाने, बरगड्या मोजून घ्या म्हणत घरी गेला.

नोकरी गेलीच. पाझीची राहिली, कारण त्या रस्त्यांवर दुसरा कोणी गाडी घालत नाही. आता गाडी रानातून निघाली की आधी गावात येते, आणि मांस उतरवताना बायका पाझीकडून एकदा म्हणवून घेतात, हे काय आहे ते. लेमा शेजारी बसून दुसरीकडे बघतो.

पण त्या दुपारी मिहाम्बोच्या घरी वेगळीच सभा भरली. त्याची बायको कालुंदे दारात उभी. "नोकरी टाकलीस, बरं केलंस. जाकीट कशाला टाकलंस? ते तुझ्या घामाचं होतं. पहाटेच्या थंडीत मधाची पोळी बघायला काय माझं लुगडं पांघरून जाणार?"

जिंकून आलेला शूरवीर बरगड्यांवर हात घेऊन ओट्यावर बसला. कालुंदेने डोक्याला फडकं बांधलं आणि तळाची वाट धरली. मी अर्थातच मागोमाग गेले, असं काही मी चुकवत नाही. लेमा जेवत होता. तिने ना नमस्कार केला ना विनवणी. खुंटीवरचं जाकीट काढलं, झटकलं, काखेत मारलं आणि लेमाला म्हणाली, "जेव, बाळा, थंड होतंय." लेमा जेवला.