ब्रेक्झिटचा अबोला

विमानतळावर वहिनीने मला मिठी मारली आणि पहिलंच वाक्य बोलली ते असं: "तुझ्या दादाला म्हणावं, जाकिटाची चेन लाव. बाहेर बर्फ आहे."

दादा माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याने चेन लावली आणि मला म्हणाला, "तिला सांग, लावली."

मला हसूच आलं. वाटलं, विमानात काहीतरी बिनसलं असेल, दोन जेवणांत मिटेल. पण अमेरिकेतल्या नेपरव्हिलला आमच्या घरी पोचलो, पानं वाढली आणि कळलं की हे प्रकरण जुनं आहे. मी दोघांच्या मधे बसले होते. लोणचं, मीठ, ताकाचं भांडं सगळं माझ्या हातून इकडून तिकडे जात होतं. माझा नवरा शहाणा आहे, तो खाली मान घालून जेवत राहिला.

दादा-वहिनी इंग्लंडमध्ये राहून म्हातारे झाले. तो रेल्वेच्या सिग्नलचं काम करायचा, ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. ब्रेक्झिटचं मतदान आलं तेव्हा त्यांच्या गल्लीत खिडक्याखिडक्यांतून पाट्या लागल्या, कुणाची युरोप सोडा, कुणाची सोडू नका. यांच्या एकाच घराच्या दोन खिडक्यांत दोन वेगळ्या पाट्या होत्या. दादा सोडा म्हणणारा, वहिनी सोडू नका म्हणणारी. येणारे-जाणारे थांबून फोटो काढायचे आणि या दोघांना त्याचा भारी अभिमान होता. माझ्याशी फोनवर बोलताना स्पीकर लावून दोघं एकाच वेळी भांडायची. दादा म्हणायचा, आमच्या समुद्रातले मासे युरोपवाले पकडून नेतात. वहिनी म्हणायची, तुम्ही मेला एक मासा तरी खाता का, तुम्हाला वास सहन होत नाही. मी इकडे भाजी चिरत ऐकायची. खरं सांगते, त्या भांडणाची मला सवय लागली होती.

मग भाचीला मुलगी झाली. भाची नेदरलँड्समध्ये असते. ती तिकडे गेली तेव्हा वहिनीला हवं तेव्हा जाता यायचं, हवं तितकं राहता यायचं. ब्रेक्झिट झाल्यावर आता तीन महिने झाले की निघायचं. बाळ मान धरायला लागलं आणि आजी परत निघाली. घरी येऊन तिने बॅग भिंतीशी उभी केली आणि दादाशी बोलणं बंद केलं. रडली नाही, ओरडली नाही. नुसतं बंद केलं.

हे सगळं तिने मला स्वयंपाकघरात सांगितलं, कणीक मळता मळता. आणि शेवटी म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला सांग, माझं परतीचं तिकीट बदलून दे. मी यांच्याबरोबर जात नाही. पुण्याला बहिणीकडे जाते."

"किती दिवस?"

"ते बघू."

ही आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होते. नागपूरच्या उन्हाळ्यात माझ्या वेण्या घालून देणारी, माझ्यासाठी दादाशी भांडणारी, हीच. दादा एकीकडे आणि वहिनी दुसरीकडे असं चित्र माझ्या डोक्यात उभंच राहीना. मी नवऱ्याला म्हटलं, तिकिटाला हात लावू नकोस. तो म्हणाला, किती दिवस टाळणार?

दादाला मी एकट्याला गाठलं. तो गराजसमोरचा बर्फ काढत होता. मी म्हटलं, अरे, एकदा बोल तिच्याशी. तो फावडं टेकून उभा राहिला. "काय बोलू? माफी मागू? मला जे पटलं त्याला मत दिलं. देशाने आपले कायदे आपण करायचे, एवढंच तर म्हणत होतो." मग परत फावडं चालवायला लागला. मला ठाऊक होतं की एवढंच नव्हतं. बाबा गेल्यावर त्याने आईला तिकडे न्यायचं ठरवलं होतं. खोलीला रंग देऊन झाला होता. आईला व्हिसा मिळाला नाही, परत अर्ज केला, परत नाही. ती परत जाईल याची खात्री वाटत नाही, असं व्हिसावाल्यांचं म्हणणं. आणि त्याच वर्षी शेजारच्या घरात युरोपातलं अख्खं कुटुंब विनासायास राहायला आलं. आईने दादाचं घर कधी बघितलं नाही. याबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नाही, माझ्याशीही नाही. मासे, कायदे, सार्वभौमत्व, हे मात्र तासन्‌तास.

असा सगळा आनंद असताना शनिवार उजाडला.

इथल्या शाळांच्या वादविवाद स्पर्धा ज्यांनी बघितल्या नाहीत त्यांना सांगते. मुलं बोलतात आणि जज म्हणून बसतात आमच्यासारखे आईबाप. जितकी मुलं उतरवाल त्या मानाने शाळेने जज आणायचे. शिक्षण लागत नाही, पेन लागतं. मी गेली काही वर्षं हे काम करते. माझ्या मुलीच्या मते मी भयंकर जज आहे, कारण मी घशात कफ असलेल्या मुलाला गरम पाणी प्यायला सांगते.

त्या शनिवारी बर्फाने निम्मे जज आलेच नाहीत. सकाळी मुलीच्या शाळेतल्या कोच बाईंचा काकुळतीचा फोन आला, घरात अजून कुणी मोठं माणूस आहे का? माझी मुलगी मागून ओरडली, "मामा-मामी आहेत ना!" मी नको नको म्हणेपर्यंत दोघं तयारही झाले. कामाला नाही म्हणायचं नाही, हा दोघांचाही स्वभाव. वहिनी साडीवर माझे बर्फाचे बूट घालून आली.

विषय काय आहे ते मुलीने कारमध्ये सांगितलं. ब्रिटनने युरोपातून बाहेर पडणं योग्य होतं की नव्हतं.

मी आरशात बघितलं. मागच्या सीटवर दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत होते. "तू हे आधी का नाही सांगितलंस?" मी मुलीला दातओठ खात विचारलं. ती म्हणाली, "मॉम, तू विचारलंच नाहीस."

कोच बाईंनी नवीन जजेसना नियम सांगितले. कोण कुठल्या बाजूने बोलणार ते नाणं उडवून ठरतं, म्हणजे मुलं जे बोलतात ते त्यांचं मत असेलच असं नाही. तुमचं मतही दाराबाहेर ठेवा, फक्त या खोलीत जे बोललं गेलं त्यावर निकाल द्या. आणि निकालापर्यंत जजेसनी आपसात एक अक्षर बोलायचं नाही. हा शेवटचा नियम पाळणं आमच्या पाहुण्यांना अजिबात जड गेलं नाही.

दिवसभर आम्ही वेगवेगळ्या वर्गांत होतो. मधल्या वेळात जजेसच्या खोलीत मी आणलेले बटाटेवडे संपलेले बघितले, एवढंच सुख. संध्याकाळी फायनल. आमची शाळा स्पर्धेतून बाहेर पडली होती म्हणून आमचे जज तिथे चालणार होते. तीन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर दादा, एकीवर वहिनी, मधे कुणाचे तरी गोरे आजोबा. मी आणि मुलगी मागे प्रेक्षकांत. दादा गेल्या जन्मी न्यायाधीश असल्यासारखा ताठ बसला होता.

सोडा म्हणणारी मुलगी हुशार होती. आकडे, करार सगळं झालं. शेवटच्या भाषणात ती कागद खाली ठेवून म्हणाली, माझी आजी घानात राहते. माझा काका लंडनला असतो. आजीला त्याच्याकडे जायला कधी परवानगी मिळाली नाही. शेजारच्या देशातला माणूस न विचारता यायचा आणि आजीने सिद्ध करायचं की ती परत जाईल. वहिनीचं पेन थांबलेलं मला मागून दिसलं.

सोडू नका म्हणणारा मुलगा जरा बोजड होता, अडखळत होता. त्याची वेळ संपत आली आणि त्याचे कागद त्याच्या आधी संपले. मग तो म्हणाला, माझे आईवडील वेगळे राहतात. दर शुक्रवारी मी बॅग भरतो. लोक म्हणतात, तुला दोन घरं आहेत, मजा आहे. पण जिथे राहायला दिवस मोजून मिळतात तिथे बॅग कधी पूर्ण रिकामी करावीशी वाटत नाही. एवढं बोलून तो खाली बसला. दादाने चष्मा काढून पुसला.

निकाल सांगायची वेळ आली. आधी दादा. घसा साफ करून म्हणाला, "माझं मत या मुलाला." माझ्या मुलीने माझा हात दाबला. मग वहिनी उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली, "माझं मत त्या मुलीला." तिसऱ्या आजोबांनी मुलीला दिलं, कारण तिचा आवाज त्यांना नीट ऐकू आला.

कारमध्ये बसलो. काच साफ होईपर्यंत थांबलो. आणि मग मागून वहिनीचा आवाज आला, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? तुम्ही त्याला मत दिलंत?"

अहो! माझ्यामार्फत नाही, थेट.

"आणि तू काय केलंस?" दादा उसळला.

"मी न्याय केला. तुमच्यावरच्या रागापायी त्या पोरीवर अन्याय नको व्हायला, म्हणून तिचं जास्त लक्ष देऊन ऐकलं."

"मग मीही तेच केलं!"

माझी मुलगी पुढच्या सीटवरून वळली. "ओ माय गॉड. उलटे बायस्ड जज मी पहिल्यांदाच बघतेय."

"तू गप्प बस," दोघं एकदम म्हणाले.

मग वहिनी हळू म्हणाली, "ती आजीबद्दल बोलली ना. मला आपल्या आई दिसल्या. ती रंगवलेली खोली दिसली. अहो, इतकी वर्षं मासे मासे करत राहिलात. एकदा तरी आईंचं नाव घ्यायचंत."

"मासे बोलायला सोपे होते," दादा म्हणाला.

मला समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला आणि ते काही बर्फामुळे नाही. आई माझीही होती.

"तुझी ती निळी बॅग," दादा म्हणाला. "परत आल्यापासून इकडे निघेपर्यंत भिंतीशी उभी होती. मला वाटायचं, मला दाखवायला ठेवली आहेस."

"दाखवायलाच ठेवली होती."

"ते कळलं होतं गं. पण ती भरताना तुला कसं होत असेल, ते नव्हतं कळलं. तो मुलगा बोलला तेव्हा कळलं."

वहिनीने नाक पुसलेलं ऐकू आलं. वाटलं, आता गोड शेवट होणार. पण ती म्हणाली, "म्हणजे तेव्हा मत चुकीचंच दिलंत!" आणि दादा म्हणाला, "अजिबात नाही, तू आज तिला का दिलंस मग?" आणि जे सुरू झालं ते घर येईपर्यंत थांबलं नाही. गराजमध्ये बूट काढताना चालू, जिना चढताना चालू. माझा नवरा घाबरून बाहेर आला. "काय झालं?"

"भांडतायत," मी म्हटलं. माझा जीव असा भांड्यात पडला होता की त्याला बहुतेक मला वेड लागलंय असं वाटलं असेल. मी चहा टाकला, चौघांना पुरेल असा, आणि ओट्याला टेकून नुसती ऐकत उभी राहिले. मासे परत आले होते. पण आता मधेमधे आईही येत होती, बाळही येत होतं.

त्यांच्या निघण्याचा दिवस जवळ आला तेव्हा मीच धीर करून वहिनीला विचारलं, "तिकिटाचं काय करायचं? पुण्याचं?"

ती निळ्या बॅगेत दादाचे स्वेटर भरत होती. मान वर न करता म्हणाली, "काय करायचंय? आहे तेच राहू दे. भांडण अर्धवट राहिलंय आमचं, आणि विमानात ते उठून जाणार कुठे?"