कर्नलसाहेबांनी भरलेले फॉर्म

मेंदूच्या दवाखान्यात नोकरी करते म्हटलं की लोक आधी एक पाऊल मागे सरकतात आणि मग हळूच विचारतात, किस्से असतील ना बरेच? असतात हो. सरकारी ऑफिसात फायली साठतात तसे साठतात, आणि फायलींसारखेच कुणाला दाखवायची सोय नसते. आज नावं बदलून सांगते.

नवऱ्याची केंद्र सरकारातली बदली झाली आणि आम्ही अमरावतीहून चंदिगडला आलो. शेजारच्याच पंचकुल्याच्या एका खासगी क्लिनिकमध्ये मी टेक्निशियन आहे. तिथे डिप्रेशनवर दोन उपचार एकत्र करतात. आधी डोक्यावर तारांची टोपी आणि समोर स्क्रीनवर होडी. मेंदू निवांत झाला की होडी पुढे सरकते, धुसफुसला की थांबते. ती बघत बघत पेशंटने मेंदूला वळण लावायचं. मग कपाळाच्या डाव्या बाजूला चुंबकाची कॉइल, ती टकटक करून मरगळलेला भाग जागा करते.

आमचे डॉक्टर बत्रा हे सगळं एका वाक्यात समजावतात, "पहले स्टॅबिलायझर, फिर इन्व्हर्टर." मनीमाजऱ्याच्या एका दुकानदाराने त्यावर शांतपणे विचारलं, "जी, गॅरंटी कितने साल की?"

डॉक्टरांनी लगबगीने पुढचा पेशंट आत बोलावला.

*

तर आमच्याकडे शिंदेवहिनी आल्या. साताऱ्याच्या, नवरा फौजेत कर्नल. वर्षभर त्यांना सकाळी उठवत नव्हतं, जेवणाला चव नव्हती, कुणाशी बोलणं नको वाटायचं. पहिल्याच दिवशी टोपी घालून घेताना मला म्हणाल्या, "ताई, मी बरी नाही झाले तरी चालेल. फक्त यांनी एकदा कबूल करावं की मी आजारी आहे. आळशी नाही."

साहेब रोज सोबत यायचे, वेळेच्या दहा मिनिटं आधी. त्यांच्या मते हा आजार नव्हताच, शिस्तीचा प्रश्न होता. तीस सिटिंग्ज लिहून दिल्यात म्हणून तीस, नाहीतर पहाटे तीन किलोमीटर पळाली असती तरी भागलं असतं.

*

चुंबकाचा जोर किती ठेवायचा हे अंगठ्यावरून ठरतं. डाव्या बाजूला ठोका द्यायचा, जोर हळूहळू वाढवायचा, आणि उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला की आकडा लिहून घ्यायचा. वहिनींचा अंगठा टुणकन उडाला. साहेब खुर्ची सोडून उभे राहिले.

"हलला ना? मग बरी झाली की!"

पहिलाच दिवस होता तो. एकोणतीस दिवस आणि हजारो ठोके बाकी होते.

*

आता आमच्या क्लिनिकची एक खास पद्धत. टोपी चढवली की पेशंटने बोलायचं नाही, कारण जबडा हलला की स्क्रीनवर नुसता कचरा उमटतो. आणि आठवड्याचा प्रश्नांचा फॉर्म तेव्हाच भरायचा असतो, कारण डॉक्टरांना वेळ वाचवायचा असतो. मग उत्तरं कोण देणार? सोबत आलेला माणूस! हे चूक आहे असं मी दोनदा सांगून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, घरचा माणूस खोटं कशाला बोलेल?

वहिनी टोपी घालून मुकाट बसलेल्या. मी विचारायची आणि साहेब ताठ बसून रिपोर्ट द्यायचे. भूक? उत्तम. झोप? आठ तास. कामात लक्ष? पूर्ण. रडू येतं?

"फौजी की बीवी रोती नहीं," साहेब हिंदीत म्हणाले. महत्त्वाचं सगळं ते हिंदीतच बोलत.

पंधराव्या सिटिंगला फॉर्मवरून काढलेला आजाराचा आलेख असा काही झर्रकन खाली आला की डॉक्टरांनी पेढे वाटले. पेढा मीही खाल्ला. आलेख एकदम खरा होता, फक्त त्याच्यात बरे झाले होते ते कर्नलसाहेब.

*

होडी मात्र कुणाच्या रँकला भीत नाही. साहेब खोलीत असले की ती काठाला चिकटून बसायची. एकदा साहेब गाडी सावलीत लावायला खाली गेले, आणि होडी निघाली तरातरा. साहेब परत आले, होडी थांबली.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना रोज काहीतरी सांगून बाहेर पाठवायला लागले. कधी गाडी आडवी आहे म्हणायचं, कधी रिसेप्शनवर सही राहिली म्हणायचं. वहिनींना कळत होतं. त्या बोलत नसत, पण त्यांची होडी मला सगळं सांगायची. वहिनी वेणी घालून यायला लागल्या, ते याच दिवसांत.

डॉक्टरांना मी हे नीट समजावून सांगितलं. त्यांनी वहीत लिहिलं, 'नवीन सॉफ्टवेअरचा उत्तम परिणाम.'

*

मोहालीच्या सेक्टर सदुसष्टमधल्या संस्थेतून औषधांवर संशोधन करणारी चार पोरं आमची पद्धत बघायला आली. डॉक्टर जोशात स्वतःच खुर्चीत बसले. टोपी चढली, पोरं वह्या उघडून तयार. होडी हलेना. दहा मिनिटं गेली. डॉक्टर डोळ्यांच्या कोपऱ्यातून मांडीवरचा फोन बघत होते. शेवटी म्हणाले, स्क्रीन हँग झालीय. एका मुलीने विचारलं, सर, मग लाटा कशा हलतायत?

*

विसावं सिटिंग. त्या दिवशी साहेब बाहेर जायला तयार होईनात. रोज एक होडी बघायची, यात अवघड ते काय, असं म्हणत स्वतःच खुर्चीत जाऊन बसले. वहिनी सोबतच्या माणसाच्या खुर्चीत बसल्या. मी साहेबांना फक्त टोपी घातली, चुंबक नाही, आणि जबडा हलवू नका म्हणून सांगितलं. होडी अर्थातच जागची हलली नाही. साहेब तिच्याकडे डोळे वटारून बघत राहिले.

मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी कोरा फॉर्म काढला. वहिनींना म्हटलं, नियम म्हणजे नियम, साहेबांची उत्तरं तुम्ही द्या. त्या चक्क हसल्या. भूक? म्हणाल्या, ताटात वाढलेलं अर्धं तसंच राहतं. झोप? नुसते पडून असतात.

मीही गमतीत होते अजून. "रडू येतं?"

वहिनींचं हसू गेलं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"रोज. आंघोळीला गेले की नळ पूर्ण सोडतात. यांना वाटतं, मला ऐकू येत नाही."

मी पेन खाली ठेवलं. टोपीच्या तारांमुळे साहेबांना मान वळवता येत नव्हती. समोरच बघत ते बोलले, मराठीत.

"मॅडम, हिचे सगळे फॉर्म रद्द करा. पहिल्यापासून परत विचारा. हिलाच."