शेवटची कोण?

ओब्दूलिया लग्न होऊन कुंभारगल्लीत आली, त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी तिनं ते भांडण ऐकलं. काखोटीला पाव घेऊन ती जिना चढत होती आणि वर स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं.

“तुझी बायको बघ काय घेऊन आलीय!” हा सासूचा, लेओकादियाचा आवाज. “मासळी भरलेली ऑलिव्ह सांगितली होती मी. यात नुसता मासळीचा वास लावलेला लगदा आहे. उद्या चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर पाद्रीबाबा आपल्याकडे घोटभर वर्मुत वाइन प्यायला येणार, त्यांच्या पेल्याशेजारी हे ठेवू?”

“आई, ऑलिव्हच तर आहेत,” एवारिस्तो म्हणाला. ओब्दूलियाचा नवरा तो. भला माणूस, पण आईपुढे उभा राहिला की त्याच्या विजारीतून पाय कुठे जायचे कुणास ठाऊक.

“ऑलिव्हच तर म्हणे! बेल्दांच्या मुलीचं स्थळ दारात चालून आलं होतं. तू डोंगरावर गेलास आणि शेळ्यांच्या कळपातून ही उचलून आणलीस. जिला ऑलिव्ह कळत नाहीत तिला घर काय कळणार?”

“शिकेल गं. एकदा बरं बोल तिच्याशी, मग बघ.”

“ऐकून ठेव, एवारिस्तो. ‘चांगलं आणलंस’ असं मी त्या पोरीला म्हटलं, तर खुशाल समज की माझी घटका भरली.”

ओब्दूलिया जिन्यावरच थांबली. मग मुद्दाम चपला वाजवत वर गेली आणि म्हणाली, “पाव गरम आहे, आई.” सासूनं पावात अंगठा दाबून पाहिला. “करपलाय,” ती म्हणाली.

चूक झाली होती, नाही असं नाही. पण डोंगरावरच्या कुणाचीही झाली असती. तिकडे ऑलिव्ह घरच्या झाडाची. दगडानं ठेचायची, मिठाच्या पाण्यात बडीशेपेच्या काड्यांबरोबर मुरवायची आणि बरणीत हात घालून खायची. डब्यातली ऑलिव्ह तिनं जन्मात पाहिली नव्हती. अबुंदियोच्या दुकानात तर फळीवर तीन तऱ्हेचे डबे होते आणि तिन्हींवर मासोळीचं चित्र. तिनं बिचारीनं सगळ्यात हसरी मासोळी निवडली.

ती रडली नाही. तिच्या मनानं एवढंच घेतलं, की ‘चांगलं आणलंस’ हा शब्द सासूच्या तोंडातून काढीन तेव्हाच राहीन.

आता अबुंदियोच्या दुकानाची रीत अशी की तिथे रांग नसते. छताला खारवलेल्या कॉड माशाच्या पाट्या टांगलेल्या, खाली छोल्यांची पोती, मागच्या फळ्यांवर साबण, दोर, मेणबत्त्या, रेडिओचे सेल, शाई. बाया पोत्यांवर बसतात, कोपऱ्यात घोळका करतात, कुणी दारात उभ्या. नवी आली की उंबऱ्यातून विचारते, “शेवटची कोण?” जी असेल ती म्हणते, “मी.” झालं. तेवढं लक्षात ठेवायचं आणि तिच्या पाठोपाठ गल्ल्यापाशी जायचं. पण वस्तू परत करायला आलात, तरी पुन्हा उंबरा, पुन्हा तोच प्रश्न. त्यातून सुटका कुणाची नाही.

लेओकादियाला ही रीत चांगली ठाऊक होती. म्हणून ती सगळं सामान एकदम सांगत नसे. शनिवारी सकाळी, दुकान गच्च भरलेलं असताना, आधी छोले. छोले आले की, “हे बारीक आहेत, मोठे आण.” मोठे आले की कॉड. कॉड आला की, “शेपटीकडचा का दिला? तुला दिला म्हणूनच दिला असेल.” मग ऑलिव्ह. आता ऑलिव्ह बरोबर येऊ लागली होती, खरी मासळी भरलेली. पण ती कधी खारट असायची, कधी मऊ, कधी सासूला आज भूकच नसायची.

“आली गं आली!” ओब्दूलिया उंबऱ्यात दिसली की दोरवाल्याची बायको तोमासा ओरडायची. “शेवटची मी आहे, ये, बस माझ्या मांडीवर! आज काय, चणा वाकडा निघाला?”

“नाही, सरळ निघाला,” ओब्दूलिया म्हणायची. “आईंना वाकडाच लागतो.”

बाया खो खो हसायच्या. ओब्दूलियाही हसायची. त्यावाचून दुसरं काय करायचं होतं?

पहिल्या बाळाच्या वेळी नववा महिना लागला होता तिला. गारठा असा की पाणवठ्यावरचा नळ गोठलेला. त्या शनिवारी ती तिसऱ्या खेपेला ऑलिव्हसाठी आली आणि पोत्याला धरून उभी असताना पोटात कळ आली. तिनं ओठ आवळले. दुसरी कळ आली तेव्हा ती म्हणाली, “बायांनो, मला जरा पुढे जाऊ द्या. बरं वाटत नाहीये.”

“आम्हालाही कुठे बरं वाटतंय?” तोमासा म्हणाली. “माझे पाय बघ कसे सुजलेत! सगळ्या पोटुशा अशा पुढे जायला लागल्या तर आम्ही म्हाताऱ्या होऊन इथेच मरू.”

पुन्हा हशा. तोमासा मनानं वाईट नव्हती, तिला विनोद सुचला एवढंच. ओब्दूलियानं आपली पाळी येईपर्यंत वाट पाहिली, डबा घेतला, दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरला आणि भिंतीच्या आधारानं घरी गेली. मुलगा संध्याकाळी झाला. तो रडला नाही. सुईणीनं त्याला उलटा धरला, पाठीवर चापटी मारली, मग फडक्यात गुंडाळला.

रविवारी मिस्सेहून आल्यावर लेओकादियानं ओट्यावरचा डबा उचलून पाहिला. “चेपलाय हा,” ती म्हणाली. “अंगात शक्ती आली की बदलून आण.”

पुढे दुसरं मूल झालंच नाही. एवारिस्तो आयुष्यभर दोघींच्या मधे ताटात बघून जेवला आणि एका वसंतात छातीला हात लावून गेला. थोरला अबुंदियो गेला, गल्ल्यावर त्याचा मुलगा आला, तोही अबुंदियोच. लेओकादिया मात्र खुंट्यासारखी ठोकलेली. मग एका सकाळी जिन्यावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ती खाटेला लागली ती लागलीच. पाठोपाठ डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. उरला एक रेडिओ.

तो लाल रेडिओ उशाशी असायचा, पाठीत चार जाडे सेल. म्हातारीला गाण्यांचं काही नव्हतं, नाटकांचंही नाही. तिची घटका दुपारची. तेव्हा आमच्या गावचं केंद्र आदल्या दुपारपासून वारलेल्यांची नावं वाचून दाखवतं, वय सांगतं, दफन कधी ते सांगतं. पूर्वी ती चर्चच्या दारावर चिकटवलेले मयतांचे कागद बघायला रोज जायची. आता जाता येत नव्हतं, म्हणून कान लावायची. एकेका नावाला तिच्या गालावर रंग चढायचा. “बेल्दांची थोरली गेली! माझ्यापेक्षा लहान. आणि नाक बघायला हवं होतं तिचं.” दुपारी ती दोन घास जास्त खायची.

आणि एक दिवस सेल संपले.

“सेल आण,” म्हातारी म्हणाली.

“आणते, आई,” ओब्दूलिया म्हणाली. शनिवारी तिनं उत्तम ऑलिव्ह आणली, घट्ट, चकचकीत, आत मासळीचा खरा तुकडा. एक फळ सासूच्या तोंडात घातलं. “कशी आहेत?”

“खारट.”

“बरं तर,” ओब्दूलिया म्हणाली आणि डबा झाकला. “सेल नव्हते दुकानात.”

म्हातारी आंधळी होती, खुळी नव्हती. तिनं सेलांचा भाव ओळखला. पण तीही तीच होती. पुढच्या शनिवारी, “मऊ.” त्यापुढच्या शनिवारी, “बिळबिळीत.” दर वेळी दुकानात सेल नसत.

मधूनमधून ओब्दूलियाला दया यायची, निदान ती तिला दया म्हणायची. मग जुने सेल ती चुलीच्या कडेला ठेवून शेकायची आणि नेमके दुपारी रेडिओत भरायची. रेडिओ खाकरून बोलायला लागायचा, “कालपासून आपल्या गावातून देवाघरी गेलेल्यांत...” म्हातारी कोपरावर उठायची. एक नाव यायचं, ते अर्धं असायचं, मग घरघर, मग काही नाही.

“कोण? कोण गेलं म्हणाला?”

“ऐकू नाही आलं, आई.”

“अगं, तू बाहेर जातेस! कोण गेलं गल्लीत?”

“असेल कुणीतरी. जातच असतं कुणी ना कुणी.”

म्हातारी पडून राहायची आणि छताकडे पांढरे डोळे लावून नावं आठवायची, कुणाचं असेल ते अर्धं नाव. असे दोन हिवाळे गेले. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, ओब्दूलियानं सासूची काय सेवा केली! आणि केलीच होती. अंथरूण स्वच्छ, केस विंचरलेले, अंगाला कुठे फोड नाही.

यंदा कडाका पडला तशी म्हातारीची छाती भरली. शनिवारी सकाळी पाद्रीबाबा येऊन मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल लावून गेले. त्यांच्यामागून डॉक्टर जिना उतरताना म्हणाले, “संध्याकाळ दिसेल असं वाटत नाही. जवळ बसून राहा.”

ओब्दूलिया वर आली. म्हातारीचा हात रेडिओवर होता.

“सेल,” ती म्हणाली. एवढ्या एका शब्दाला तिला तीनदा श्वास घ्यावा लागला.

ओब्दूलियानं कपाट उघडलं. मागे, पिठाच्या डब्याआड, एक डबा तिनं हौसेनं आणून ठेवला होता. हसऱ्या मासोळीचा, आत लगदा भरलेला, तो अजून निघतो. तो फोडून तिनं एक फळ सासूच्या ओठांत सरकवलं आणि खाटेच्या कडेवर बसली.

“कशी आहेत, आई?”

दात नव्हते. म्हातारी हिरड्यांनी बराच वेळ चघळत राहिली. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं आणि उशीत जिरलं. मग ती म्हणाली, “चांगली आहेत. चांगलं आणलंस, मुली.”

आला तो शब्द. ओब्दूलिया थांबली, आता काहीतरी वाटेल म्हणून. बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. काहीच वाटलं नाही. ज्या जिभेला आयुष्यभर कुणी फसवलं नाही, ती चार सेलांसाठी लगद्याला चांगलं म्हणाली होती. किंवा जीभच आधी मेली होती. कोणतं खरं ते आता विचारूनही कळलं नसतं. खऱ्या मासळीला हा शब्द आला असता, तर गोष्ट वेगळी. तिनं सासूची हनुवटी पुसली.

“कबूल केलंय ना,” ती म्हणाली. “आणते सेल.”

“लवकर,” म्हातारी म्हणाली.

दुकान शनिवारचं, गच्च. ओब्दूलिया उंबऱ्यात थांबली.

“शेवटची कोण?”

सगळ्या वळल्या. पाद्रीबाबांना तेल घेऊन जाताना गल्लीनं पाहिलं होतं. तोमासा आता काठीवर आलेली, छोल्यांच्या पोत्यावर बसली होती. “अगं, शेवटची कसली विचारतेस! जा पुढे, जा. आमचं काय, आम्ही बसलोय. घरी तुझी अशी वेळ.”

“हो हो, जा बाई,” बाकीच्या म्हणाल्या आणि वाट झाली, सरळ गल्ल्यापर्यंत.

“नको,” ओब्दूलिया म्हणाली. “शेवटची कोण?”

बायांनी तोमासाकडे पाहिलं. मग तोमासा हळूच म्हणाली, “मी.”

“मग मी तुझ्यामागून.” ती दुसऱ्या पोत्यावर टेकली आणि पिशवी मांडीवर घेतली. तोमासाची पाळी येऊन गेली तेवढ्यात कुंभाराची सून आली, तिनं विचारलं, शेवटची कोण. ओब्दूलिया म्हणाली, “मी. पण तू घे माझ्याआधी, तुझं लेकरू रडतंय.” नंतर पाववाल्याची बहीण आली, तिलाही तिनं पुढे जाऊ दिलं.

तोमासा सामान घेऊनही गेली नव्हती. काठीच्या मुठीवर अंगठा घासत म्हणाली, “ओब्दूलिया, ती म्हातारी एकटी आहे गं.”

“आहे ना. मला ठाऊक आहे.”

“मग?”

“मग काय, तोमासा? तुझे पाय कसे आहेत? अजून सुजतात?”

तोमासा उठली आणि काठी टेकत बाहेर पडली.

दुकान रिकामं झालं तशी ओब्दूलिया गल्ल्याशी गेली. अबुंदियोनं न विचारताच मासळीचा डबा काढून ठेवला होता, खरा. “आणखी काय?”

“रेडिओचे सेल. चार, जाडे. ताजे बघून दे, उद्या दुपारी नावं ऐकायला लागणार आहेत.”

त्यानं सेल कागदात गुंडाळले. ओब्दूलियानं डबा उचलला, उजेडाकडे धरून सगळीकडून फिरवून पाहिला, कुठे चेपलेला नाही ना ते, आणि पिशवीत ठेवला.