चौथ्या सुरुंगाची माती

नाथाजी पिसे म्हसवडचा. आपल्या गावात विहीर खोदून पाणी लागत नाही म्हणून दुसऱ्यांच्या विहिरी खोदायला आलो, असं तो सांगायचा आणि हसायचा नाही. पलूसच्या अलीकडं आमची खडकेवाडी. तिथं तो अडतीस साली आला आणि अकरा वर्षं राहिला. त्यातली दहा वर्षं मी त्याच्याबरोबर घण मारला.

तो पहार धरायचा, मी घण मारायचो. काळ्या फत्तरात दोन हात खोल भोक पाडायला दोन माणसांचा पाऊण दिवस जातो. प्रत्येक घावानंतर पहार किंचित फिरवावी लागते. नाही फिरवली तर ती अडकते, आणि काढण्यात तेवढाच वेळ जातो. नाथाजीनं पहार फिरवायची कधी चुकवली नाही. दहा वर्षांत माझा घण दोनदा त्याच्या मनगटाला लागला. दोन्ही वेळा त्यानं मनगट बघितलं, पहार फिरवली आणि म्हणाला, "मार."

भोक झालं की तळाला सुरुंगाची दारू घालायची, दारूत वातीचं टोक सोडायचं आणि वर चिकणमाती गच्च ठासायची. माती ढिली राहिली तर बार फुसका जातो. मातीत खडा राहिला तर ठासताना तो वात कापतो. म्हणून नाथाजी माती तीनदा चाळायचा. त्याची पितळी तारेची चाळणी होती, म्हसवडच्या जत्रेत घेतलेली. जेवणाची भाकरी तो कुठंही ठेवायचा, चाळणी मात्र खुंटीलाच.

गावाचा त्याच्यावर विश्वास नव्हता. पहिल्या लढाईत तो पलटणीत होता, बसऱ्यापर्यंत जाऊन आला होता. सुरुंगाचं काम तिथंच शिकला. दर तीन महिन्यांनी पेन्शन आणायला तासगावच्या सरकारी कचेरीत जायचा. बेचाळीस साली आमच्या भागात तारा तुटल्या, चावड्या जळल्या, चळवळीतली पोरं लपून उसात राहायला लागली. तेव्हापासून तासगावला जाणारा माणूस तो खबर देणारा माणूस, असं ठरून गेलं. कुणी त्याला पाणी नाकारलं नाही. पण तो ओट्यावर टेकला की बोलणं गुराढोरांवर यायचं.

पोलिसांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. दारूचा परवाना असलेला, गावोगाव फिरणारा, घरदार इथं नसलेला माणूस. किती भोकं पाडली, किती दारू लागली, हे त्याला दर पंधरवड्याला चावडीत सांगावं लागे. तो सांगायचा. पोलीस पाटील लालासाहेब ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर येऊन भोकं मोजून जायचे.

त्रेचाळीसच्या फाल्गुनात आम्ही तवनाप्पाच्या मळ्यात होतो. तवनाप्पा जैन, थोडा ऊस आणि पानमळा असलेला. विहीर चार पुरुष, म्हणजे एकावर एक चार माणसं उभी राहतील एवढी, खाली गेली होती. तीन-चार दिवस खपून त्या दिवशी चारी भोकं पुरी झाली. नाथाजीनं चारींत दारू घातली, वाती सोडल्या. तीन भोकं स्वतः ठासली. मग मला म्हणाला, "चौथं तू ठास. मी वर जाऊन गुरं हाकलतो," आणि दोर धरून वर गेला.

चाळलेली माती तिसऱ्या भोकातच संपली होती. चाळणी वर होती. चार पुरुष दोरानं चढायचं, माती चाळायची, परत उतरायचं. ऊन माथ्यावर होतं, सकाळपासून घण मारून खांदे भरून आले होते. मी तळाची माती हातानं चुरली. बोटाला लागले तेवढे खडे काढले. ठासलं आणि वर आलो.

नाथाजी चारी वाती वेगवेगळ्या लांबीच्या ठेवायचा, म्हणजे बार एकामागून एक होतात आणि मोजता येतात. "बार हाय रं, बार!" अशी हाळी दिली की मळ्यातली माणसं बांधाआड बसायची आणि मोजायची. सगळे बार झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. हे त्यानंच गावाला शिकवलं होतं.

त्या दिवशी गावानं तीन बार मोजले.

नाथाजी हात वर करून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "चौथा न्हाई. उद्यापतोर कुणी हिरीत उतरायचं न्हाई."

तवनाप्पाची आई आक्काताई मळ्यातल्या घराच्या सोप्यात बसून दिव्याच्या वाती वळत होती. ती म्हणाली, "मी बी तीनच मोजले बाई. मला वाटलं, म्हातारपनी एक सुटला."

संध्याकाळी दिवे लागायच्या आधीच चावडीचं बोलावणं आलं. चार दिवसांपूर्वी रुळाखालच्या एका मोरीत सुरुंगाची दारू सापडली होती. त्या तपासासाठी तासगावचा जमादार गावात येऊन राहिला होता. त्यानंही बार मोजले होते.

"चार भोकांची दारू घेतलीस," जमादार म्हणाला. "तीन वाजली. चौथी कुठं हाय?"

"भोकात."

"कशावरनं?"

"घातली म्हून."

बाहेर माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, "पेन्शन सरकारची आन दारू पोरांची!" दुसरा म्हणाला, "आरं, ह्यो कसला देतोय पोरांना! मोरीतल्या दारूची खबर ह्यानंच दिली असंल. आता नाटक चाललंय दोघांचं." दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या. पण दोन्हींवर माना हलत होत्या.

"ठासली कुणी?" जमादारानं विचारलं.

"जोतीनं," नाथाजी म्हणाला.

जोती म्हणजे मी. जमादार माझ्याकडं वळला. माझ्या चुलतभावाला श्रावणात अशाच एका तपासात नेलं होतं. तो आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची मूठ मिटत नव्हती. माझं पोट मुठीवर होतं. मी म्हणालो, "मी वर हुतो, साहेब."

नाथाजीनं माझ्याकडं एकदा बघितलं.

"मग मीच ठासली," तो म्हणाला.

जमादार हसला. "आत्ता जोतीनं म्हनालास. आता तूच! तुझ्या जिभेला हाड हाय का न्हाई?"

लालासाहेब पाटील म्हणाले, "साहेब, शेजारी दुसरं भोक पाडून बार काढला की आतली दारू बी उडंल. मोकळं हुईल."

"उडल्यावर आत दारू हुती का माती, ते तू सांगनार मला?" जमादार त्यांना म्हणाला आणि नाथाजीकडं वळला. "सकाळी भोक उघडून दाव. न्हाई दावलंस तर दुपारच्या आत तासगाव."

नाथाजी मला पहिल्या दिवसापासून सांगत आला होता की न उडालेलं भोक उकरायचं नाही. उकरायला गेलेल्या दोन माणसांना त्यानं बसऱ्याकडं स्वतः गोळा केलं होतं, घोंगडीत. पण त्यानं जमादाराला नाही म्हटलं नाही. "पानी लागंल," एवढंच म्हणाला. "आन बघायला मानूस लागंल. माझ्या एकट्याच्या सांगन्यावर कोन विश्वास ठेवनार?"

सकाळी विहिरीच्या काठावर अर्धं गाव होतं, पण काठापासून वीस हात लांब. जमादारानं आपल्या शिपायाला खाली उतरायला सांगितलं. शिपायानं बुटाचे बंद सोडले, परत बांधले आणि म्हणाला, "साहेब, माझी नजर अधू हाय."

"लालासाब, मग तुमी उतरा की," आक्काताई लांबून म्हणाली. "दर पंधरवड्याला भोकं मोजायला येताया. आज आतनं मोजा."

माणसं हसली. पाटील हसले नाहीत, उतरलेही नाहीत. शेवटी तवनाप्पानं धोतर खोचलं. "हिर माझी हाय," तो म्हणाला आणि दोर धरला.

पाणी ओतायला एक माणूस लागणार होता. मी कुणी सांगायच्या आधी घागर घेतली. दोर नाथाजीनं माझ्याकडं सरकवला.

भोकात लोखंड घालायचं नसतं, ठिणगी पडते. नाथाजीकडं तांब्याची सळई होती, टोकाला चमच्यासारखी वाकवलेली. मी भोकाच्या तोंडावर पाणी सोडायचो. माती भिजेपर्यंत थांबायचं. मग तो सळईनं बोटभर चिखल काढायचा आणि पोत्यावर टाकायचा. परत पाणी, परत थांबायचं. घाई करायची नाही, जोर करायचा नाही. दोन हात भोकातली माती काढायला सकाळपासून जेवणवेळ झाली. ठासायला मला घटकाभरही लागली नव्हती.

तवनाप्पा दगडाला पाठ लावून बसला होता. त्याचे ओठ सारखे हलत होते. तो जप करत होता.

निम्म्यावर आलो तेव्हा सळईबरोबर एक खडा आला. करंगळीच्या नखाएवढा, एका बाजूनं धारेचा. नाथाजीनं तो चिखलातून उचलला, पाण्यात धुतला आणि बघितला. मीही बघितला. त्यानं तो बंडीच्या खिशात टाकला. मागोमाग वातीचा तुकडा आला, वरच्या टोकाला जळून काळा झालेला, खालच्या टोकाला सुरीनं कापावा तसा तुटलेला.

मग काळं पाणी आलं.

"आप्पा, बोट घाला," नाथाजी म्हणाला.

तवनाप्पानं बोट घातलं. ते काळं झालं. त्यानं हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. नाथाजीनं सगळी दारू धुऊन घागरीत घेतली. भोक धुऊन स्वच्छ झालं तेव्हा आम्ही वर आलो. तवनाप्पा सगळ्यांना दिसेल असं काळं बोट वर धरून चालत होता.

जमादारानं घागरीत बघितलं, हुंगलं, शिपायाला हुंगायला लावलं. "मग उडाली का न्हाई?"

मी नाथाजीच्या शेजारी उभा होतो. खडा त्याच्या खिशात होता.

"वात दमट हुती," तो म्हणाला.

"दमट वात वापरतोस आन आमाला कामाला लावतोस!" जमादारानं कागद काढला आणि लिहिलं. निष्काळजीपणाबद्दल तीन महिने दारू बंद. तासगावला नेलं नाही.

गर्दी पांगताना एकजण म्हणाला, "काळं पानी तर कोळशानं बी हुतंय गड्या." त्याच्याबरोबरच्यानं मान हलवली.

त्या संध्याकाळी नाथाजी बांधावर बसून सळई पुसत होता. मी जवळ गेलो. त्यानं खिशातून खडा काढून माझ्यासमोर ठेवला.

"ह्यो तुझा."

"व्हय तात्या."

"माती चाळली न्हाईस."

"न्हाई."

"का?"

"चाळनी वर हुती."

त्यानं सळई उलटी करून दुसरं टोक पुसलं. मग म्हणाला, "चाळनी वर. तू बी वर. खाली मी एकटाच."

मी विचारलं, "आवं, मग सांगितलं का न्हाई जमादाराला?"

"काल तू खोटं बोललास म्हून मी खोटारडा ठरलो. आज मी खरं बोललो असतो तर तू आत गेला असतास. मग हिर कोन काढनार? माझ्याच्यानं घण आन पहार दोन्ही हुत न्हाई." त्यानं सळई घोंगडीत गुंडाळली. "सकाळी लवकर ये. छिन्नीचं काम हाय."

तीन महिने आम्ही छिन्नी आणि पाचरींनी दगड फोडला. सुरुंगानं चार दिवसांत होणारं काम महिन्यात होत नव्हतं. तळहाताची कातडी दोनदा गेली. नाथाजीनं त्यातला एकही दिवस मला बोलून दाखवला नाही. ज्येष्ठाच्या शेवटी विहिरीला पाणी लागलं. आक्काताईनं आम्हा दोघांना पुरणपोळी वाढली, दिवस मावळायच्या आत. वाढताना म्हणाली, "नाथाजी, तुजा चौथा बार ऱ्हायला तो ऱ्हायलाच बघ."

दारू परत सुरू झाल्यावर नाथाजी हाळी देताना आकडा सांगायला लागला. "पाच हैत रं, मोजा!" पोरांना ती गंमत वाटायची. ती गंमत नव्हती.

सत्तेचाळीस साली त्याच चावडीवर झेंडा लागला. पोलीस पाटील लालासाहेबांनी भाषण केलं. आपल्या गावानंही वाटा उचलला, असं म्हणाले, आणि नाथाजीकडं हात केला. "ह्या मानसानं जमादाराच्या नाकाखालनं पोरांना दारू पुरवली. भोकात माती ठासली आन दारू पोरांना दिली!" टाळ्या पडल्या. कुणीतरी हार आणला.

नाथाजी उभा राहिला. म्हणाला, "मी दारू दिली न्हाई. ती भोकात हुती. आप्पांनी बोट घातलं हुतं."

लोक हसले. मोठा माणूस आपल्या तोंडानं सांगत नसतो, असं कुणीतरी म्हणालं. तवनाप्पा तोंड उघडायला लागला तर शेजारच्यानं त्याची पाठ थोपटली. नाथाजीच्या गळ्यात हार पडला. चार वर्षांपूर्वी तो खरं बोलला तेव्हा त्याला चोर ठरवलं. आता खरं बोलला तर वीर ठरवलं. भोकात दारू होती, एवढी साधी गोष्ट दोन्ही वेळा कुणी मानली नाही. मी गर्दीत होतो. त्या दिवशी तरी मला बोलता आलं असतं. कुणाच्या मुठीला धोका नव्हता. बोललो नाही.

एकोणपन्नास साली नाथाजी म्हसवडला परत गेला. गुडघे गेले होते. पहार आणि तांब्याची सळई त्यानं मला दिली. पहार कशी पाजवायची ते परत एकदा सांगितलं, जसं मला माहीतच नव्हतं.

त्या सकाळनंतर सहा वर्षं आम्ही एकत्र काम केलं. ठासायची काठी त्यानं अनेकदा माझ्या हातात दिली. कितीही दमला तरी माती मात्र स्वतः चाळली. एकदा त्याच्या अंगात ताप असताना मी चाळणीला हात घातला तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे." रागानं नाही. मग उठला, माती तीनदा चाळली आणि परत आडवा झाला.

जाताना चाळणी बरोबर घेऊन गेला. तिची एक बाजू फाटली होती, सुतळीनं शिवलेली. तिकडं माण तालुक्यात बिनकामाच्या माणसाला चाळणी कशाला लागणार होती, मी विचारलं नाही. पलूसपर्यंत त्याचं ओझं पोचवलं. चाळणी त्याच्या काखेत होती.