न पुसलेली कात्री

सुमतीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कमानिया गेटजवळच्या बाजारात नव्या कात्र्या घेत होतो. चारच दिवसांपूर्वी इस्पितळात मी तिच्यापाशी एक चूक कबूल केली होती. चेरीतालला तिच्या घराच्या पायऱ्या चढताना मला रडू यायच्या आधी भीती वाटली... या कबुलीचं आता काय होणार?

ताई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. मी तिचा विद्यार्थी, पुढे मदतनीस. नर्मदेतला आपला महसीर मासा आणि बाहेरून आणून सोडलेला त्याचा भाऊबंद डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात. फरक कळतो राइबोसोमल डीएनएमध्ये, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक भागात. पेशीत त्या भागाच्या शेकडो प्रती असतात आणि त्यांच्या मधल्या तुकड्यांवरून जात ओळखता येते. संकर झाला असेल, तर एकाच माशात दोघांच्या खुणा सापडतात. मासेमारांनी धरलेल्या माशाच्या परांचा बारीक तुकडा कापायचा, नळीत ठेवायचा आणि मासा पाण्यात सोडायचा. दर माशानंतर कात्री स्पिरिटने पुसायची, नाहीतर एकाचा अंश दुसऱ्याच्या नळीत जातो. या बाबतीत ताई फार कडक होती.

गेल्या हिवाळ्यात एका माशात दोन्ही खुणा निघाल्या. ताई पांढरीफटक पडली. "संकर होऊन राहिला रे विलास. आपला मासा संपला, अन् वरून पाहणाऱ्याला पत्ताही लागणार नाही." मी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिलो. ते तुकडे कापले त्या सकाळी थंडीने बोटं आखडली होती आणि दोन माशांच्या मध्ये मी कात्री पुसली नव्हती. मी भित्रा माणूस आहे.

इस्पितळातही तिचा जीव त्या माशातच अडकला होता, तेव्हा सांगून टाकलं. वाटलं, झाडेल. ती चक्क हसली. "गाढवा, इतके दिवस काहून नाही बोलला? चलो, अच्छा हुआ. म्हणजे मासा शाबूत आहे!"

तेरावं झाल्यावर मी पुन्हा मासेमारांच्या घाटावर गेलो. प्रत्येक माशाला वेगळी कात्री वापरली. परवा निकाल आला. एका नाही, तीन माशांत दोन्ही खुणा आहेत. ताईचं बरोबर होतं. आता घाटावर उभं राहिलं, तरी पाण्यातले मासे अगदी पूर्वीसारखेच दिसतात.

तिच्या भाचीने काल ताईची वही दिली. संकराची नोंद तिने इस्पितळातच सरळ रेघ मारून खोडली आहे. खाली थरथरत्या अक्षरात लिहिलंय, 'मासा शाबूत.' त्याखाली पान कोरं आहे. मी पेन उघडून बसतो... पण तिच्या त्या दोन शब्दांवर रेघ मारायला हात उचलवत नाही.