आईची मतं, माझ्या नावावर

शिरवळच्या कारखान्यात माझं काम माल तपासायचं. चूक दिसली की लाल खूण करायची आणि तुकडा बाजूला काढायचा. तिथं मी बरा आहे. पण सिनेमातली चूक मला आजवर एकदाही स्वतःहून सापडलेली नाही. पडद्यावर कुणी रडलं की मी रडतो, नायक उडाला की माझीही मान वर जाते. तरीही कारखान्यातल्या सिनेमावेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सगळ्यात खवचट समीक्षक म्हणून नाव काढलं होतं. माझ्या रविवारच्या लेखाची लोक वाट बघायचे. त्याचं कारण आष्ट्याला राहायचं आणि शनिवारी मी घरी पोचायच्या वेळी टीव्हीसमोर शेंगा फोडत बसलेलं असायचं. म्हणजे माझी आई.

आईला बघायला सगळं चालतं. सासवासुनांच्या मालिका, भुताचे सिनेमे, युद्धाचे, हिंदीत बोलणारे दक्षिणेतले, खुनाच्या वेबसिरीज. बघायला चालतं, पटत मात्र काही नाही.

"ही नथ घालून झोपली रं," ती म्हणायची. "कूस बदलली तर नाक फाटंल की हिचं."

भुताच्या सिनेमात बंगल्यातले दिवे गेले आणि मी पाय वर घेऊन बसलो, तेव्हा तिनं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "लाइट गेली म्हणून भ्यायचं व्हय? आपल्याकडं रोज जाती. त्या भुताला म्हणावं, पाण्याची मोटार चालू करून दाव, मग भिईन."

युद्धाचा सिनेमा लागला की ती वडिलांकडं वळायची. वडील फौजेतून निवृत्त झालेले, बोलायला एकदम काटकसरी. "आवं, तुमी मारलं काय वो कुणाला असं, गाणं म्हणत?"

"मी बावीस वर्षांत कांदे लय सोलले," वडील म्हणायचे आणि पुन्हा गप्प.

हे सगळं मी मनात टिपून ठेवायचो, रविवारी परतीच्या एसटीत बसून त्याला धुवून, इस्त्री करून ग्रुपवर टाकायचो. एका सिनेमात नायक-नायिका उभ्या उसातून हात धरून पळत होते. आई म्हणाली, "अर्ध्या बाह्याचा शर्ट घालून उसात पळतोय. पाचट कापत न्हाई व्हय ह्याला? खाज सुटून मरंल." मी लिहिलं, 'या चित्रपटातील प्रेमाला पाचटाचा एकही ओरखडा उठत नाही, म्हणूनच ते खरे वाटत नाही.' त्या एका वाक्याला एवढ्या टाळ्या पडल्या की आमच्या साहेबांनीही अंगठा दिला.

ते वाक्य फिरत फिरत सांगलीच्या एका हौशी मंडळापर्यंत पोचलं. त्यांची लघुपटांची स्पर्धा होती. त्यांनी फोन करून मला परीक्षक म्हणून बोलावलं, आणि मी फुशारकीत हो म्हणून बसलो. फोन ठेवल्यावर घाम फुटला. तिथं मत लागणार, तेही जागच्या जागी.

"आई, रविवारी सांगलीला चल," मी म्हणालो. "येताना माधवनगरला मावशीकडं जाऊ."

मावशीचं नाव काढलं की ती कुठंही येते. वाटेत मी तिला समजावलं, "आधी थोडे सिनेमे बघायचे आहेत. तुला काय वाटतं ते माझ्या कानात सांग. हळू."

"हळूच सांगती," ती म्हणाली. आईचं हळू बोलणं ओढ्यापलीकडच्या रानात ऐकू जातं, हे त्या घाईत माझ्या ध्यानात आलं नाही.

सभागृह छोटंसंच होतं, पण भरलेलं. माझ्याबरोबर दुसरे परीक्षक म्हणून एक निवृत्त प्राध्यापक होते. मी आईला आमच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझी ओळख करून दिली आणि कौतुकानं ते पाचटाचं वाक्य वाचून दाखवलं.

"आँ?" आई म्हणाली. "ह्ये तर मी म्हणलेलं."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मागच्या दोन रांगा खुसखुसल्या. प्राध्यापकांनी माझ्याकडं बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

पहिले दोन लघुपट कसेबसे निभावले. तिसरा सगळ्यात गाजावाजा झालेला होता. गावात एकटी राहणारी म्हातारी, शहरात नोकरीला गेलेल्या मुलाची वाट बघत उंबऱ्यावर बसलीय. बस्स, एवढंच. मागं बासरी. बारा मिनिटं ती रस्त्याकडं बघत होती. प्राध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी तर आधीपासूनच पुसत होतो.

"हिला काम न्हाई व्हय?" आई माझ्या कानात म्हणाली, म्हणजे सगळ्या सभागृहाला. "इतका येळ झाला, चूल पेटली न्हाई, म्हस वरडली न्हाई. पोरगा यील तवा यील. म्हशीला पाणी दाव की बाई आदी!"

सभागृहात हशा फुटला. बासरी कुणाला ऐकू येईना. पहिल्या रांगेत एक मुलगी मात्र ताठ बसून होती. मान मागं वळवून तिनं आमच्याकडं बघितलं आणि मला कळलं की लघुपट तिचाच आहे.

दिवे लागल्यावर मला बोलायला उभं केलं. मी घसा साफ केला. "या कलाकृतीतील प्रतीक्षा ही ग्रामीण श्रमाच्या लयीपासून तुटलेली..."

"काय म्हणतोय ह्यो?" आईनं प्राध्यापकांना विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेच," ते म्हणाले. "जरा अवघड करून."

"मग मलाच बोलू द्या की."

मी खाली बसलो. खरं सांगतो, इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. पण आई उभी राहिली आणि बावरली. इतके चेहरे आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर तिनं पदर सावरला. तेवढ्यात ती मुलगीच उठली. तिचा आवाज थोडा कापत होता, रागानं असेल.

"काकू, मग तुमचा मुलगा यायचा असतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"मी? मी टीव्ही बघती."

पुन्हा हशा. मुलगी हसली नाही. "आणि?"

आईनं जरा विचार केला. "शनवारी चार भाकरी जास्त टाकती. ह्यांस्नी सांगती, पीठ जास्त मळलं गेलं. एसटी थांबल्याली घरात ऐकू येती, तवा आवाज बारीक करती टीव्हीचा. ह्यो दारात आला की मोठा करती. आन म्हणती, आलास व्हय, बघ काय शिल्लक आसंल तर."

मी दर शनिवारी ती शिल्लक खाल्लेली होती आणि उरलंसुरलं आपल्या वाट्याला येतं म्हणून मनात कुरकुरही केली होती.

त्या लघुपटाला बक्षीस मिळालं नाही. मुलीनं मात्र आईचा फोन नंबर घेतला, माझा नाही. पंधरा दिवसांनी ती कॅमेरा घेऊन, आईवरच नवा लघुपट करायला आष्ट्याला आली. आईनं तिला आधी जेवायला घातलं, मग कॅमेऱ्याच्या सगळ्या जागा बदलायला लावल्या. चुलीजवळचा प्रकाश चांगला नाही असं मुलगी म्हणाली, तर आई म्हणाली, "मग भाकरी काय उजेडात जाऊन थापू?" म्हशीनं दोनदा कॅमेऱ्याकडं पाठ फिरवली. वडिलांना एकच वाक्य होतं, तेही त्यांनी मान हलवून भागवलं.

मी ग्रुपवर खरं काय ते लिहून टाकलं. दोघेजण फसवलं म्हणून ग्रुप सोडून गेले. साहेबांनी विचारलं, मग आईलाच ग्रुपमध्ये का घेत नाही? घेतलं. आता ती टाईप न करता बोलून पाठवते, आणि दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये सात-आठ माणसं एका फोनभोवती डोकी घालून उभी असतात. परवा तिनं एका खुनाच्या मालिकेबद्दल पाठवलं की खुनी तिला दुसऱ्याच भागात कळला होता, कारण तो एकटाच जेवल्यावर ताट उचलत नव्हता. मला तो अजून सापडलेला नाही.