विहिरीवरची आत्या

विहिरीत उडी मारताना आत्या हसायची. गालातल्या गालात नाही, खदखदून. काठावरून पाय सुटले की हसू सुरू व्हायचं ते पाण्यात गडप झाल्यावरच थांबायचं. वर आली की उरलेलं हसून घ्यायची. साठी ओलांडल्यावरही तेच. नऊवारीचा काचा मारलेला आणि भोवती आमच्या राहू गावातली निम्मी पोरंटोरं. गावात नवा आलेला माणूस बघतच राहायचा.

खरं तर ती माझी सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हा तान्ह्या बाळूला घेऊन माहेरी आली आणि इथलीच झाली. हळूहळू सगळा गावच तिला आत्या म्हणू लागला. गुरं, खुरपणी, भाकऱ्या उरकून दुपारी ती आमच्या मळ्यातल्या विहिरीवर यायची आणि पोरांना पोहायला शिकवायची. त्यात पोरीही असायच्या. कुणाची आई कुरकुरली तर म्हणायची, "पोरगी काय मिठाची हाय व्हय, विरघळायला?"

पोराच्या पाठीला रिकामा कॅन बांधायचा, पोटाखाली तळवा धरायचा आणि गप्पा मारत राहायचं, ही तिची शिकवण्याची रीत. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या लग्नात कोण रुसलं, असं काहीबाही. बोलता बोलता तळवा कधी निघून गेला ते कळायचंच नाही. मला कळलं तेव्हा मी विहिरीच्या मध्यावर होते आणि भोकाड पसरलं होतं. आत्या काठाला धरून हसत होती. "रडत रडत का हुईना, पवतीयास की गं!"

तिच्याकडे काही टिकायचं नाही. भाऊबीजेची साडी महिन्याभरात दुसऱ्याच कुणाच्या अंगावर दिसायची. वस्तूंचा तिला तिटकारा नव्हता. त्या तिच्या ध्यानातच राहत नसत. एकदा मी विचारलं, "आत्या, तुला काहीच हवंसं वाटत नाही का गं?" ती विचारात पडली. "वाटतं की. उद्या ऊन पडावं वाटतं. पोरं लई काकडत्यात पाण्यात."

बाळू मोठा झाला. कारखान्यांना माणसं पुरवायच्या धंद्यात त्याचा जम बसला. दौंडला त्यानं बंगला बांधला आणि आईला घेऊन गेला. त्याचा आईवर फार जीव. तिच्या खोलीत एसी लावला, पाय दाबून देणारी खुर्ची आणली, हातात पाटल्या घातल्या. आत्या प्रत्येक वस्तूवरून हात फिरवून म्हणायची, "लई भारी हाय, बाळा." आणि दर आठवड्याला एसटीनं राहूला येऊन विहीर गाठायची.

मग एक दिवस ती बंगल्यातल्या गुळगुळीत फरशीवर पडली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला, एसटीनं राहूला येणं सुटलं. मी सासरहून, केंदूरहून, तिला भेटायला जायचे तेव्हा ती खिडकीशी बसलेली असायची. डबा पुढं केला की दोन घास खायची. विचारलं तेवढंच बोलायची. तिच्याशी बोलायला मी घरून विषय ठरवून न्यायला लागले, आणि ते विषय पाच मिनिटांत संपायचे.

बाळूला ते बघवेना. डॉक्टर म्हणाले, आधार धरून पाण्यात उतरायला हरकत नाही. त्यानं बंगल्यामागं पोहायचा टँक बांधला. निळ्या फरशा, स्टीलचा कठडा, उतरायला रुंद पायऱ्या. पाणी भरलं त्या दिवशी मलाही बोलावलं. आत्याला चाकाच्या खुर्चीतून काठावर आणलं. तिनं पाण्याकडं पाहिलं, मग चारी बाजूंना पाहिलं.

"पोरं कुठं हायेत?"

पुढच्या रविवारी बाळूनं राहूहून गाडी भरून पोरं आणवली. पण मधे दोन-तीन वर्षं गेली होती; आली ती नवी पोरं आत्याला ओळखत नव्हती. बंगला बघून बुजली. फरशीवर ओले पाय उठतील म्हणून भिंतीला चिकटून उभी राहिली, बिस्किटं खाल्ली, मोबाईलवर फोटो काढले. दोघं-तिघं उतरली ती अगदी शहाण्यासारखी. आत्यानं हाका मारून पाहिल्या, पण आवाज पोचत नव्हता. संध्याकाळी गाडी परत गेली. मी तिचे पाय पुसले, ते कोरडेच होते.

त्या हिवाळ्यात आत्या गेली. दहाव्याला बंगल्यावर कुठून कुठून बायका आल्या. त्यातल्या कितीतरी जणी बाळूला माहीतच नव्हत्या. जी ती आपल्या पहिल्या उडीची गोष्ट सांगत होती, सांगता सांगता हसत होती आणि मग डोळ्यांना पदर लावत होती. बाळू ऐकत राहिला, मग उठून मागं गेला. मी त्याच्या पाठोपाठ गेले. तो टँकच्या काठावर उभा होता.

"ताई, मला पोहता येत न्हाई," तो म्हणाला. "शिकायला शिरूरला होस्टेलात ठेवलं मला. सुट्टीत आलो की पोरं हसतील म्हणून विहिरीकडं फिरकायचोच न्हाई. टँक भरला त्या दिवशी तुम्ही निघाल्यावर आई म्हणाली, बाळा, तू तरी उतर. म्या फोनवर होतो." मग त्यानं विचारलं, "अजून काय आणायला पायजे होतं मी?"

त्यानं चपला काढल्या, पँट दुमडली आणि कठडा घट्ट धरून पहिल्या पायरीवर उतरला. पाणी घोट्यापर्यंत आलं. तिथंच तो बराच वेळ उभा राहिला. मग वर आला, चपला घातल्या आणि पाहुण्यांना वाढायला आत गेला.